गुडघ्याची एकच बाजू बदलायची का?

‘दोन्ही वाट्या बदलायला सांगितल्यात’ हे वाक्य मराठी घरांत आता इतकं सवयीचं झालं आहे, की त्यावर लगेच विचारलं जातं ते कुठे करणार आणि खर्च किती येणार. त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही : सांधा पूर्णच बदलायला हवा का? ज्या बाजूला झीज झाली तेवढीच बदलून बाकीचा गुडघा निसर्गाने दिला तसा राखता येतो. डॉक्टर त्याला पार्शल नी रिप्लेसमेंट किंवा नुसतं ‘युनि’ म्हणतात. सगळ्यांना ते चालत नाही. पण ज्यांना चालेल त्यांतल्या अनेकांना असा पर्याय असतो हेच कुणी सांगितलेलं नसतं, आणि ज्यांना चालणार नाही असे काहीजण लहान चिरेच्या आशेने त्याचा हट्ट धरून बसतात.

या गोंधळाच्या मुळाशी एक सोपा वाटणारा हिशेब आहे. झीज थोडी असेल तर अर्धं ऑपरेशन, फार झाली तर पूर्ण. हा हिशेब साफ चुकीचा आहे. एका बाजूचं ऑपरेशन करायचं तर त्या बाजूची झीज पूर्ण झालेली असावी लागते, हाड हाडाला टेकलेलं असावं लागतं. निर्णय झीज किती यावर नव्हे, तर ती कुठे आहे आणि बाकीचा सांधा कितपत शाबूत आहे यावर ठरतो.

गुडघ्यात तीन कप्पे असतात. मांडीच्या हाडाचं टोक आतून आणि बाहेरून असं दोन ठिकाणी नडगीच्या हाडावर टेकतं, आणि पुढे वाटी मांडीच्या हाडावरून सरकत असते. चालताना पडणाऱ्या भारातला मोठा वाटा आतल्या कप्प्यावर, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूवर, येतो. त्यामुळे वयोमानाचा संधिवात बहुधा तिथूनच सुरू होतो. कूर्चा झिजली की पाय जरासा बाहेर वाकतो, वाकला की भार आणखी आत सरकतो, आणि एका बाजूने झिजलेल्या चपलेच्या टाचेसारखी तीच बाजू भराभर संपत जाते. आपल्याकडे ‘पाय फेंगडे झाले’ म्हणतात ती ही अवस्था. बाहेरची बाजू मात्र या काळात कित्येक वर्षं चांगली राहू शकते. एकच बाजू बदलण्याची कल्पना या असमान झिजेतून आली.

ती नवी नाही. १९७०च्या दशकात असे सांधे बसवले जात होते, पण सुरुवातीचे निकाल इतके उलटसुलट होते की अनेक शल्यचिकित्सकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. चित्र बदलायला ऑक्सफर्डमधल्या दोघांचा मोठा हात लागला. जॉन गुडफेलो हे अस्थिशल्यचिकित्सक आणि जॉन ओ’कॉनर हे अभियंते. दोन धातूच्या भागांमध्ये सुटी सरकणारी प्लॅस्टिकची चकती बसवण्याची त्यांची रचना होती, आणि १९८२पासून ती गुडघ्याच्या एकाच बाजूसाठी वापरली जाऊ लागली. माझ्या मते त्या चकतीपेक्षाही महत्त्वाचं होतं ते ऑक्सफर्डच्या गटाने अपयशातून काढलेलं निदान. जे गुडघे फसले त्यांत पुढचा क्रॉस लिगामेंट, म्हणजे एसीएल, आधीच तुटलेले गुडघे फार होते. १९९१ साली त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या हाडांच्या तुकड्यांचा अभ्यास मांडला. एसीएल शाबूत असलेल्या गुडघ्यात झीज आतल्या कप्प्याच्या पुढच्या आणि मधल्या भागात थांबते, मागची कूर्चा टिकून राहते. एसीएल गेला की झीज मागे पसरते, पाय ताठ वाकडा होतो आणि मग दुसरी बाजूही ओढली जाते. कोणत्या गुडघ्याला हे ऑपरेशन लागू पडेल याचं शरीरशास्त्रीय उत्तर त्यामुळे हाती आलं.

दरम्यान दुसरीकडे वेगळीच नियमावली रूढ झाली होती. १९८९मध्ये अमेरिकेतल्या स्टुअर्ट कोझिन आणि रिचर्ड स्कॉट यांनी निकष सांगितले : वय साठच्या वर, वजन ८२ किलोच्या आत, हालचाल बेताची. त्या काळच्या सांध्यांच्या मर्यादा पाहता ही सावधगिरी समजण्यासारखी होती. पण पुढे ऑक्सफर्डच्या रचनेच्या हजार गुडघ्यांचा पाठपुरावा झाला, तेव्हा या निकषांत न बसणाऱ्या रुग्णांचे निकाल बसणाऱ्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत. त्यामुळे आज ‘तुमचं वजन जास्त आहे म्हणून पार्शल नाही’ एवढंच कारण मिळालं, तर आणखी विचारायला हरकत नाही. वजन कमी करावंच, पण या निवडीत ते एकट्याने निर्णायक ठरत नाही.

मग निर्णायक काय? सुरुवात दुखण्यापासून करू. ज्याला हे ऑपरेशन लागू पडतं असा माणूस बहुतेकदा गुडघ्याच्या आतल्या सांध्याच्या रेषेवर बोट ठेवून ‘इथं दुखतं’ असं दाखवतो. पंजा संपूर्ण गुडघ्यावर फिरवणाऱ्याचा गुडघा बाद होतो असं नाही, पण तिथे जास्त तपासावं लागतं. खुब्याच्या सांध्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, कंबरेतली नसही तिथवर कळ नेते. म्हणून गुडघ्यासाठी गेलेल्या माणसाचा खुबा तपासून पाहणारे डॉक्टर बरोबर काम करत असतात.

त्यानंतरचा पुरावा एक्स-रे देतो, आणि तो उभं राहून काढलेला असायलाच हवा. झोपून काढलेल्या चित्रात सांध्यावर भार नसतो, त्यामुळे मोकळी फट दिसते आणि झीज लपते. गुडघा थोडा वाकवून उभ्याने काढलेला एक्स-रे तर आणखी प्रामाणिक. त्यात आतल्या बाजूला हाडावर हाड टेकलेलं दिसलं पाहिजे. बाजूने काढलेल्या चित्रावरून झीज मागच्या कडेपर्यंत गेली आहे का ते कळतं, आणि त्यातून एसीएल कामाचा आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो. तिसरं चित्र काहीसं दुर्लक्षित राहतं, पण माझ्या दृष्टीने तेच सगळ्यांत जास्त सांगतं : डॉक्टर हाताने पाय बाहेरच्या दिशेला दाबून धरतात आणि तशा स्थितीत एक्स-रे काढतात. दाब दिल्यावर आतली फट पुन्हा उघडली, वाकलेला पाय सरळ होऊ शकला, म्हणजे आतले लिगामेंट आखडलेले नाहीत. त्याच चित्रात बाहेरच्या कप्प्यातली फट पुरेशी रुंद दिसली, म्हणजे तिथली कूर्चा शाबूत आहे. या एका चित्राने दोन प्रश्न मिटतात. आपल्या फायलीत ते नसेल, तर ‘पार्शल जमेल का’ याचं उत्तर कशाच्या आधारे दिलं गेलं हे विचारायचा रुग्णाला हक्क आहे.

एमआरआयचा मोह मात्र आवरावा. हाडाला हाड टेकलेल्या गुडघ्याच्या एमआरआय अहवालात पानभर बिघाड लिहून येतात, एसीएलमध्ये दोष दिसतो, बाहेरच्या बाजूलाही काहीतरी सापडतं. प्रत्यक्ष सांधा उघडल्यावर तो लिगामेंट अनेकदा कामचलाऊ नव्हे, चांगला निघतो. अंतिम खात्री शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. म्हणून नीट समजावणारे सर्जन आधीच सांगतात, की आत पाहिल्यावर गरज पडली तर पूर्ण सांधा बदलू, त्याची संमती असू द्या. ही संमती म्हणजे फसवणुकीची पळवाट नाही, तो सावधपणाचा भाग आहे.

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असेल तर हा पर्याय नाही, कारण तो आजार सगळ्या सांध्याला पकडतो आणि राखलेली बाजूही पुढे खाऊन टाकतो. वाटीमागे थोडी झीज असणं चालतं. वाटीच्या बाहेरच्या कडेला खोल चर पडला असेल तर नाही.

आता मघाच्या चुकीच्या हिशेबाकडे येतो, कारण त्याचा फटका दोन्ही टोकांना बसतो. पंचेचाळिशी-पन्नाशीतला माणूस, एक्स-रेमध्ये फट अजून शिल्लक, दुखणं मात्र बरंच. त्याला वाटतं, सुरुवातच आहे तर छोटं ऑपरेशन करून टाकू. नेमक्या अशा अर्धवट झिजलेल्या गुडघ्यांत निकाल बेभरवशाचे असतात. दुखणं तिथून येतंय याचीच खात्री नसते, आणि ऑपरेशननंतरही ते तसंच राहू शकतं. दुसऱ्या टोकाला ती आजी, जिने दहा-पंधरा वर्षं तेल, पट्टा आणि गोळ्यांवर ढकलली. महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत असे रुग्ण कमी नाहीत. तोवर पाय ताठ वाकलेला असतो, दाब दिला तरी सरळ होत नाही, गुडघा पूर्ण उलगडत नाही. कधीकाळी एका बाजूवर भागलं असतं असा तो गुडघा आता पूर्ण बदलण्याशिवाय इलाज नसलेला झालेला असतो. म्हणजे या ऑपरेशनला एक काळ असतो. तो नेमका कोणत्या वर्षी येईल ते कॅलेंडर सांगत नाही, उभ्याने काढलेले एक्स-रे सांगतात.

गुडघा योग्य आहे असं ठरलं, तरी पुढचा अर्धा निर्णय माणसाचा असतो. पार्शलमध्ये दोन्ही क्रॉस लिगामेंट राखले जातात, हाड कमी कापलं जातं, रक्त कमी जातं, माणूस लवकर चालू लागतो आणि गुडघा बहुधा जास्त वाकतो. अनेकांना तो ‘आपलाच’ वाटतो. २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांधा-नोंदणीतल्या एक लाखाहून अधिक रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. पार्शलनंतर मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पायातून गुठळी सुटणं हे सगळंच कमी आढळलं. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असलेल्या वृद्धासाठी ही बाब मोठी आहे. पण त्याच अभ्यासात आठ वर्षांच्या आत सांधा पुन्हा बदलावा लागण्याचं प्रमाण पार्शलमध्ये पूर्ण सांध्याच्या दुपटीहून थोडं जास्त निघालं.

आणखी दूरचं पाहायचं, तर २०१९च्या एका मोठ्या आढाव्यानुसार २५ वर्षांनी पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे टिकून होते, पार्शल सुमारे ७० टक्के. हे आकडे पाहून पार्शल कमअस्सल आहे असा निष्कर्ष निघतो का? थोडं थांबायला हवं. पार्शल दुखला तर तो काढून पूर्ण सांधा बसवणं तुलनेने सोपं असतं, म्हणून सर्जन आणि रुग्ण दोघंही लवकर तयार होतात. पूर्ण सांधा तितकाच दुखला तरी पुन्हा उघडण्याचं धाडस सहसा कुणी करत नाही; तो रुग्ण नोंदवहीत ‘यशस्वी’ म्हणून राहतो. तरीही फरक सगळा या कारणाने पुसला जात नाही. दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता खरोखर जास्त आहे, आणि पन्नाशीतल्या माणसाने ती धरूनच चालावं.

त्याच वर्षी, २०१९मध्ये, दुसरा एक अभ्यासही आला, आणि निवड करणाऱ्या माणसाला तो जास्त उपयोगाचा आहे. टॉपकॅट नावाच्या या चाचणीत ब्रिटनमधल्या २७ ठिकाणी ५२८ रुग्णांना, ज्यांना दोन्हींपैकी कोणतंही ऑपरेशन चाललं असतं, चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. पाच वर्षांनी दुखणं आणि हालचालीच्या ४८ गुणांच्या मापावर दोन्ही गट ३७-३८च्या आसपास होते. गुंतागुंत आणि फेरऑपरेशन साधारण सारखंच, खर्च मात्र पार्शलचा कमी. त्याच सुमारास, २०२०मध्ये, ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्गदर्शन केलं, की केवळ आतल्या कप्प्याचा संधिवात असलेल्या रुग्णापुढे दोन्ही पर्याय ठेवावेत. ठेवावेत, लादू नयेत. मला हे शहाणपणाचं वाटतं.

टॉपकॅटचा आणि नोंदणीचा सूर जुळत नाही, तो का? उत्तराचा एक भाग सर्जनच्या हातात आहे. ऑक्सफर्डची रचना घडवणाऱ्या गटाच्याच हजार गुडघ्यांत १५ वर्षांनी सुमारे ९१ टक्के सांधे टिकून होते. देशभरच्या सरासरीत असं होत नाही, कारण वर्षातून दोन-चार पार्शल करणारेही त्या सरासरीत असतात. इंग्लंडमधल्या आकडेवारीवरून दिसलं, की जे सर्जन आपल्या एकूण गुडघ्यांपैकी निदान पाचवा हिस्सा पार्शल करतात त्यांचे निकाल ठळकपणे चांगले. कारण उघड आहे : क्वचित करणारा फक्त अगदी थोड्या झिजेचे गुडघे निवडतो, म्हणजे नेमके चुकीचे, आणि हातालाही सराव नसतो. या ऑपरेशनमध्ये पाय अगदी सरळ करायचा नसतो, दुखणं सुरू होण्याआधी तो जसा होता तसाच आणायचा असतो. जास्त सरळ केला तर भार चांगल्या बाजूवर जातो आणि तीही झिजते. त्यामुळे ऑपरेशननंतर पाय किंचित वाकडा दिसला म्हणून घाबरू नये. ‘तुम्ही शंभर गुडघ्यांत पार्शल किती करता?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारणं उद्धटपणाचं नाही. एकही करत नसतील तर त्यांच्याकडून पार्शलबद्दल तटस्थ मत मिळणं कठीण, आणि प्रत्येकाला पार्शलच सांगत असतील तरी सावध व्हावं.

फलकांवर रोबोटिक शस्त्रक्रियेची जाहिरात दिसते. रोबोमुळे हाड आखल्याप्रमाणे कापलं जाण्यात मदत होते. पण गुडघा निवडताना चूक झाली तर अचूक कापूनही ती दुरुस्त होत नाही. आधी निवडीची चर्चा, मग यंत्राची.

आपल्याकडचा खास प्रश्न मांडीचा. पंगतीत, पूजेला, वारीच्या मुक्कामात जमिनीवर बसणं हा अनेकांच्या जगण्याचा भाग आहे, आणि गावाकडच्या घरात उकिडवं बसण्याला पर्याय नसतो. पार्शलनंतर काहीजण पुन्हा मांडी घालतात, पूर्ण सांध्यानंतरही घालणारे असतात, पण वचन कुणीच देऊ नये. सरकत्या चकतीच्या सांध्यात खूप खोल वाकण्याने चकती निसटू शकते. आशियाई रुग्णांत या निसटण्याची चिंता जास्त व्यक्त झाली आहे, म्हणून अनेक सर्जन स्थिर चकती पसंत करतात. आपल्याला शेतात उकिडवं बसून खुरपायचं आहे, की फक्त जिना चढून देवळात जायचं आहे, हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावं. त्यावर उत्तर बदलू शकतं.

खर्चाबद्दल एवढंच. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राच्या औषध-किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर किमतीची मर्यादा आणली. प्रचलित कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये ठरली होती. तेव्हापासून बिलात सांध्यापेक्षा खोली, शस्त्रक्रियागृह आणि यंत्राचं भाडं यांचा वाटा पाहण्याजोगा असतो. पार्शलचा सांधा लहान म्हणून बिलही निम्मं येईल असं धरून चालू नये. अंदाजपत्रक सुटं सुटं मागावं.

आणि जे अजून त्या टप्प्यावर आलेले नाहीत त्यांचं काय? मांडीच्या पुढच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजन उतरवणं हे इतके साधे उपाय आहेत की त्यांच्यावर विश्वास बसत नाही. अमेरिकेतल्या २००५च्या अभ्यासात एक किलो वजन कमी झाल्याने प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो असं मोजलं गेलं. ‘ग्रीस’ म्हणून दिली जाणारी हायलुरॉनची इंजेक्शनं देऊ नयेत असं नाइस म्हणते. दुर्बिणीने सांधा धुऊन काढण्याचा संधिवातावर उपयोग नाही हे २००२मध्ये ह्यूस्टनच्या चाचणीत दिसलं. तिथे नुसती खोटी चीर दिलेल्यांनाही तितकाच आराम पडला होता. तरुण, कष्टाचं काम करणारा, पाय वाकलेला पण कूर्चा काही उरलेली असा माणूस असेल, तर नडगीचं हाड कापून पायाची रेषा बदलणारी ऑस्टिओटॉमी हा वेगळा आणि चांगला पर्याय आहे. तिथे सांधा स्वतःचाच राहतो.

दोन्ही गुडघे दुखत असले, तरी दोघांचा निर्णय एकच असायला हवा असंही नाही. एक पार्शल आणि दुसरा पूर्ण असे पाय घेऊन चालणारी माणसं आहेत. प्रत्येक गुडघ्याचा एक्स-रे स्वतंत्र वाचावा.

ऑपरेशन झाल्यानंतरची एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, कारण ती न सांगितल्याने अनेकांचं नुकसान होतं. पार्शलनंतर पहिल्या वर्षात आतल्या बाजूला, नडगीच्या वरच्या टोकाशी, दुखत राहणं सर्रास आढळतं. एक्स-रेमध्ये सांधा सैल झालेला नसेल, जंतुसंसर्ग नसेल, तर हे दुखणं बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. अशा वेळी घाबरून लगेच सांधा काढून पूर्ण बसवला, तर दुखण्याचं कारणच न कळलेल्या रुग्णांत दुसऱ्या ऑपरेशननेही पुष्कळदा फरक पडत नाही. निदान वर्षभर वाट पाहावी, दर भेटीला नवा एक्स-रे जुन्या एक्स-रेशेजारी ठेवून पाहावा, आणि दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघाला तर ते नेमकं कोणत्या कारणासाठी करायचं हे लेखी मागावं.